फाटकाबाहेरचा जमादार

माझे सासरे रिटायर झाले चैत्रात, पण घरात त्याचा पत्ता लागला दसऱ्याला. मधला सगळा उन्हाळा आणि पावसाळा आम्ही एकमेकांना सांगत होतो, की मामाजींनी किती समजुतीनं घेतलं.

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. दिग्रसच्या एका जिनात ते फाटकावरचे जमादार होते. जिनात कापसाची सरकी निघते, रुईच्या गाठी बांधल्या जातात, आणि एका ठिणगीत सगळ्याची राख होऊ शकते. म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकाची फाटकावर झडती व्हायची. माणूस समोर आला की दोन्ही हात वर करायचा. मामाजी आधी खिसे, मग टोपी, मग धोतराचा खोचा चाचपायचे आणि बिडी, आगपेटी, चिलीम जे निघेल ते काढून घ्यायचे. संध्याकाळी सुटी झाली की ज्याची वस्तू त्याला परत. बायांची झडती माझ्या सासूबाई घ्यायच्या. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. जमादाराची बायको म्हणून ते काम त्यांच्याकडे आपोआप आलं होतं, जशी त्यांची बरीचशी कामं पुढे माझ्याकडे आपोआप आली.

आमचे हे त्याच जिनात फिटर होते. जिनाच्या मागच्या भिंतीला लागून शेठनं मामाजींना दोन खोल्यांचं क्वार्टर दिलं होतं आणि त्याच्या दारात नळ होता. जिनाच्या टाकीवरून आलेला, फक्त आमचा. मी नेरची. माहेरी विहिरीचं पाणी ओढून ओढून हाताला घट्टे पडलेले. नवरा चांगला मिळाला की नाही हे ठरायला बाईला काही वर्षं लागतात. नळ चांगला मिळालाय हे मला पहिल्याच सकाळी कळलं. शेजारच्या खोलीतल्या बाईच्या घरानं नुकतीच दीक्षा घेतली होती, भिंतीवर बुद्धाची नवी कोरी तसबीर होती. ती जिनात रेजा म्हणून, म्हणजे मजुरीच्या कामाला जायची आणि तिचंही पाणी आमच्याच नळावरून जायचं. ती म्हणायची, “तुह्या घरचं कोनी काही बोललं तरी तू आयकून घेत जाय व, पन हे क्वार्टर सोडू नोको.” सल्ला अर्धा स्वतःसाठी होता, पण खरा होता.

तर मामाजींचा निरोप समारंभ. जिनाचं काम दसऱ्यापासून चैत्रापर्यंत. बाकीचे महिने यंत्रं बंद, मामाजी घरी बाजेवर. दरवर्षी शेवटच्या दिवशी नारळ फुटायचा, गूळ वाटला जायचा आणि शेठ म्हणायचे, “जमादार, आता आराम करा.” त्या वर्षीही नारळ फुटला, गूळ वाटला, शेठ तेच म्हणाले. वरून एक शाल दिली आणि मामाजींच्या कोटावरचा पितळी बिल्ला काढून घेतला. हे घरी येऊन म्हणाले, बाबा रिटायर झाले. मामाजींनी मान हलवली, शाल पेटीत टाकली आणि बाजेवर आडवे झाले. सासूबाईंचं तेवढं मन दुखावलं.

“यांले शाल,” त्या म्हणाल्या. “मी इतके वर्सं बायांचे पदर झाडून पाह्यले, मले कोनी गुळाचा खडाही जास्तीचा नाई देल्ला.”

पावसाळा शांततेत गेला. मामाजी नेहमीसारखे झोपायचे, उठायचे, पोथी ऐकायला जायचे, चुलीजवळच्या आगपेटीकडे संशयानं पाहायचे. यवतमाळला ओळखीच्या एका घरी रिटायर झालेल्या म्हाताऱ्यानं जेवण सोडलं होतं. आम्ही म्हणायचो, आमचे मामाजी पाहा.

दसरा आला. यंत्रांची पूजा झाली, दुसऱ्या दिवशी पहाटे भोंगा वाजला. मामाजी उठले, आंघोळ केली, खाकी कोट घातला. बिल्ल्याच्या जागी कोटाचा रंग तेवढाच गडद राहिला होता.

“बाबा, कुठं चालले?” यांनी विचारलं.

“फाटकावर.”

“तुमी तं रिटायर झाले ना!”

“थे मागच्या शिझनचं होतं.”

हे माझ्याकडे पाहू लागले. मी चुलीकडे पाहू लागले.

“अन् शाल कायची देल्ली मंग?”

“मागच्या वर्सी धंदा चांगला झाला. म्हनून शाल.”

“अन् बिल्ला काहून घेतला?”

“पॉलिस कराले.”

यांनी शेवटी सगळं समजावून सांगितलं. रिटायर म्हणजे दरवर्षीसारखी सुटी नव्हे, कायमचं. मामाजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हंजे माहं वय झालं म्हनून कापूस पेटनं बंद होते का?” आणि कोटाची गुंडी लावून निघून गेले.

फाटकावर दारव्ह्याकडून आलेला नवा जमादार बसला होता. हसतमुख माणूस. स्वतः बिडी ओढायचा, त्यामुळे दुसऱ्याच्या खिशात हात घालताना त्याला संकोच वाटायचा. येणाऱ्याच्या खांद्यावर थाप मारायची आणि आत सोडायचं, ही त्याची झडती. मामाजींनी ते उभ्यानं पाहिलं आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या हॉटेलातल्या बाकावर जाऊन बसले.

पुढं जे झालं त्यात मामाजींचा दोष निम्माच. कामगारांना वर्षानुवर्षांची सवय. खाकी कोट दिसला की हात वर. पहिल्या दिवशी एक म्हातारा बैलगाडीवाला हॉटेलात शिरला, मामाजींसमोर हात वर करून उभा राहिला आणि झडती देऊन मग फाटकात गेला. त्याच्या मागून दुसरा. आठवड्याभरात सगळा जिन आधी हॉटेलात, मग फाटकात जाऊ लागला. हॉटेलवाला खूश, कारण हात खाली आले की माणूस चहा घ्यायचाच. नवा जमादारही सुरुवातीला खूश होता, त्याचं काम कमी झालं होतं. माझी भाकरीची टोपली एके सकाळी दिसेना. ती हॉटेलात सापडली, आगपेट्यांनी काठोकाठ भरलेली.

शेठना हे दिसलं तेव्हा मात्र नव्या जमादारानं तोंड पाडलं. शेठनं यांना बोलावून घेतलं. हे जेवताना खाली मान घालून सांगत होते.

“शेठ म्हनते, फाटक एक अन् जमादार एक. बाबाले हॉटेलातून उठव, नाई तं क्वार्टर खाली कर. नव्या जमादाराले जागा पाह्यजेच हाये.”

“मंग तुमी बाबाले बोला.”

“तूच बोल,” असं म्हणून यांनी ताकाची वाटी तोंडाला लावली. यंत्रात काय बिघडलं ते हे नुसत्या आवाजावरून ओळखायचे. बापाशी बोलायची वेळ आली की मात्र यांच्याच तोंडाला गंज चढायचा.

मी बोलले.

“मामाजी, उद्यापासून हॉटेलात नोका बसू.”

“काहून?”

“शेठ क्वार्टर काढून घेतो म्हनते.”

“मी काही त्याच्या जिनात बसतो का? मी रस्त्याच्या कडेले बसतो. रस्ता नगरपालिकेचा आहे.”

“अन् नळ शेठचा आहे,” मी म्हणाले.

 दुसऱ्या दिवसापासून मामाजी हॉटेलात गेले नाहीत. घरात राहिले. तेव्हा मला कळलं, की हॉटेल पुष्कळ बरं होतं.

दारात स्टूल टाकून बसायचे. दूधवाल्याची झडती घेतली. पोस्टमनची घेतली. भाऊबीजेला माझा भाऊ नेरहून आला, हातात माझ्यासाठी लुगडं, त्याला दारातच हात वर करायला लावले आणि त्याची आगपेटी कोनाड्यात ठेवली. भाऊ शेतकरी माणूस, जेवण झालं की त्याला बिडी लागायची. तो बिचारा जेवून तासभर अंगणात फिरत राहिला आणि निघताना आगपेटी परत मिळाली तेव्हा त्यानं मामाजींना वाकून नमस्कार केला. शेजारच्या बाया आल्या की मामाजी आतल्या बाजूला तोंड करून सासूबाईंना सांगायचे, “बायांची झडती तू पाय.”

“पाह्यतो तं,” सासूबाई म्हणायच्या. “कोनाच्या पदरात मशेरीशिवाय काय भेटनार आहे? तुमी रिटायर झाले, मीही झालो. मले कामाले लावू नोका.”

आमच्याकडे बाया यायच्या बंद झाल्या. यात सासूबाईंचं जास्त नुकसान झालं, कारण गावातली बातमी त्यांना या बायांकडूनच मिळायची.

मी भावाला निरोप दिला, की मामाजींना महिनाभर नेरला घेऊन जा, हवापालट होईल. भाऊ बिचारा पुन्हा आला आणि त्यांना एसटीत बसवून घेऊन गेला. दारव्ह्याच्या अलीकडे ड्रायव्हरनं बिडी पेटवली. बसच्या टपावर कोणाच्या तरी कापसाच्या बोऱ्या होत्या. मामाजींनी घंटीची दोरी ओढली, खाली उतरले आणि ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन उभे राहिले. बिडी विझेपर्यंत बस हलली नाही. आणि नेरला पोचले तर तिथं कापसाचा बाजार. गाड्यांची रांग, आणि प्रत्येक गाडीवर कापसात रुतून बसलेला मालक, तोंडात बिडी. महिनाभरासाठी गेलेले मामाजी तिसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या बसनं परत निघाले. भावाला म्हणाले, “इथं तं कापसावर बसून बिडी पेतेत. मी एकटा कोनाकोनाले पाहू?”

दिग्रसच्या बस स्टँडवरून आमच्या क्वार्टरला यायचा रस्ता जिनाच्या फाटकावरून आहे. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण ते इतक्या लवकर परततील हेच माहीत नव्हतं.

मी नळाखाली कपडे धूत होते. शेजारची बाई कामावर जाता जाता फाटकावरूनच धावत परत आली.

“बाई व, तुह्या सासऱ्यानं शेठची झडती घेतली!”

“कोनत्या शेठची?” मी विचारलं. दिग्रसात शेठ पुष्कळ होते, मला अजून आशा होती.

“आपल्या व! दुसऱ्या कोनाची घेईन?”

तिनं सांगितलं ते असं. कामावर जायची वेळ, फाटकासमोर माणसांची आणि रेजांची गर्दी. शेठची जीप आली, शेठ उतरले, नव्या जमादारानं सलाम करून फाटक उघडलं. तेवढ्यात रस्त्यानं पिशवी घेऊन मामाजी आले. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

“थांबा शेठजी. हात वर करा.”

शेठ हसले. “जमादार, मी मालक आहे.”

“म्हनूनच म्हनतो. पेटलं तं तुमचंच जास्त जळन.”

“मंग इतके वर्सं काहून नाई पाह्यला माहा खिसा?”

“तवा मी तुमचा नोकर होतो,” मामाजी म्हणाले. “आता नाई.”

शेठनं इकडे-तिकडे पाहिलं. मामाजींचा आवाज ऐकून गर्दीतल्या अर्ध्या लोकांनी सवयीनं आपापले हात वर केले होते. इतक्या लोकांचे हात वर असताना एकट्यानं हात खाली ठेवून उभं राहणं मालकालाही जड जात असावं. शेठनं हात वर केले. कोटाच्या आतल्या खिशातून चांदीची सिगारेटची डबी निघाली आणि आगपेटी. मामाजींनी दोन्ही पिशवीत टाकल्या.

“सुटी झाल्यावर घेऊन जा,” ते म्हणाले आणि घराकडे वळले.

ही गोष्ट ऐकून मी पहिलं काम केलं ते घरातली सगळी भांडी भरून घेतली. घागरी, हंडे, बादल्या, दुधाचं पातेलंसुद्धा. मामाजी आले, हातपाय धुतले आणि भाकरी मागितली. आमचे हे त्या दिवशी दुपारच्या जेवणाला आले नाहीत. नंतर कळलं, ते दिवसभर यंत्राखाली काहीतरी दुरुस्त करत बसले होते आणि यंत्र चांगलं होतं.

रडून क्वार्टर राहत नसतं. मी डब्यात मूगवड्या भरल्या, लुगडं बदललं आणि शेठच्या बंगल्यावर गेले. शेठाणी मला ओळखायच्या. दर उन्हाळ्यात मी त्यांचे पापड लाटायला जायचे. मनात ठरवलं होतं, पाय धरायचे आणि म्हणायचं, म्हातारा माणूस आहे, डोकं फिरलंय, एवढ्या वेळी माफ करा.

शेठाणींनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. बातमी माझ्या आधी पोचली होती.

“बाई, मले एकच सांग. आमच्या यांच्या खिशात खरंच सिगरेट निघाली?”

तेव्हा मला समजलं, की इथं विषय वेगळा आहे. शेठना मागच्या थंडीत खोकल्यानं धरलं होतं. शेठाणींनी त्यांना देवासमोर उभं करून सिगारेट सोडायला लावली होती. आणि जेव्हा जेव्हा शेठाणींना शंका यायची, तेव्हा शेठ एकच उत्तर द्यायचे. जिनात काडी न्यायची बंदी आहे, फाटकावर झडती होते, दिवसभर मी तिथं असतो, मग ओढीन कुठून? शेठाणींना ते पटलं होतं. कोणालाही पटलं असतं.

मी क्षणभर विचार केला. जिनाचे मालक शेठ होते. बंगल्याचा मालक कोण, हे समोर दिसत होतं.

“निघाली,” मी म्हणाले. “चांदीची डबी. माचिसही होती.”

“कुठं आहे थे डबी?”

“मामाजींजवळ.”

“मले आनून दे.”

“थे नाई देणार. ज्याची त्यालेच देतात, सुटी झाल्यावर.”

“मी मांगली तरी?”

“कोनी मांगली तरी.”

शेठाणी रागावतील असं वाटलं. त्या पुढं सरकून बसल्या. “असाच मानूस मले पाह्यजे,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून त्याहीले बंगल्याच्या फाटकावर पाठव. हे घरात आले का आधी खिसा दाखवतील, मंग जेवाले बसतील.”

वड्यांचा डबा तिथंच ठेवून मी घरी आले. मामाजींना सांगितलं. “जातो,” ते म्हणाले. उठून कोट झटकला आणि खिडकीत टांगला.

सुटीचा भोंगा झाला आणि शेठ स्वतः आमच्या दारात आले. असं कधी झालं नव्हतं. सासूबाई लगबगीनं आत गेल्या आणि दाराआडून ऐकत उभ्या राहिल्या. मामाजींनी डबी आणि आगपेटी काढून शेठच्या हातात दिली.

“पाहून घ्या. जशीच्या तशी आहे.”

शेठनं डबी खिशात टाकली. “जमादार, माह्या घरून काय निरोप आला?”

“बंगल्यावर बसाले बलावलं. बाईसाहेबानं.”

“तुमी काय म्हनलं?”

“जातो म्हनलं.”

शेठ बाजेवर बसले. बराच वेळ खोकले. मग आवाज उतरवून म्हणाले, “जमादार, तुमी आपल्या जिनात या. जुनी जागा. स्टूल देतो, सावली करून देतो. बंगल्यावर तुमच्यासारख्या मानसाचं काय काम?”

“तिथं दूधवाला, भाजीवाला, पाव्हने. काम पुष्कळ आहे,” मामाजी म्हणाले. “अन् बाईसाहेबाले शब्द देल्ला.”

दोन फाटकांवर एकाच माणसाला मागणी! कामावर असताना मामाजींची इतकी कधी ओढाओढ झाली नव्हती. ते नुसते बसून होते, पण पाठ ताठ झाली होती. मला मात्र ही बोलणी क्वार्टरच्या बाजूनं चाललेली दिसेनात. मी चहा घेऊन बाहेर आले.

“शेठजी, क्वार्टर कधी खाली कराचं?”

“कायचं क्वार्टर?” शेठ म्हणाले.

“नव्या जमादाराले जागा पाह्यजे, असं तुमी यांले म्हनलं होतं.”

“थो? थो एकटाच मानूस आहे. त्याले गाठीच्या प्रेसच्या मांगची खोली देऊन राह्यलो ना.” शेठनं चहाचा घोट घेतला. “तुमी कुठं जाता बाई? राहा.”

“म्हंजे मामाजी कुठंही बसले तरी?”

शेठनं माझ्याकडे नीट पाहिलं. बहुधा त्यांना पहिल्यांदाच कळलं असावं, की या घरात कोणाशी बोलायला हवं होतं. “कुठंही बसले तरी,” ते म्हणाले.

मग मी तोडगा सांगितला. सकाळी माणसं आत जायच्या वेळी मामाजी जिनाच्या फाटकावर. दुपारी शेठ जेवायला जायच्या आधी बंगल्यावर. पावसाळ्यात जिन बंद, तेव्हा दिवसभर बंगला. शेठ म्हणाले, ठीक आहे. बंगला टळत नाही हे त्यांना आधीच माहीत असावं. मामाजींनी एकच अट घातली. जिनाच्या फाटकावरही शेठचा खिसा पाहिला जाईल. सगळ्यांच्या आधी.

नव्या जमादाराला याचं काहीच वाटलं नाही. तो आत बैलगाड्यांच्या वजनकाट्यावर गेला, तिथं झाड होतं आणि झडती नव्हती. आमचे हे यंत्राखालून बाहेर आले. माझी टोपली धुऊन परत मिळाली, तरी तिला बिडीचा वास येतच होता, म्हणून मी दुसरी घेतली.

अशा रीतीनं मामाजी रिटायर झाल्यावर बारा महिने कामाला जाऊ लागले. पूर्वी निदान पावसाळाभर घरी असायचे. सासूबाईंना हे फार मानवलं. बाया पुन्हा यायला लागल्या. मामाजी दुपारी बंगल्यावरून जेवून येत आणि काय निघालं ते सांगत. सुरुवातीला डबी निघायची. मग एखादी सुटी सिगारेट, कधी टोपीत, कधी मोज्यात. एकदा पंचांगाच्या घडीत. मामाजी हे सांगताना इतके रंगात यायचे, की आम्ही हातातलं काम ठेवून ऐकायचो. शेठ हुशार माणूस, पण मामाजी साऱ्या जिनाच्या खोच्यांतून गेलेले.

असे दोन-तीन शिझन गेले. एका दिवाळीनंतर मामाजी दुपारी घरी आले, तर चेहरा उतरलेला. मला वाटलं, पुन्हा काही तरी झालं.

“काय निघालं आज?” मी विचारलं.

“विलायची.”

“अन् काल?”

“कालही विलायची. परवाही. महिना झाला, विलायचीच निघून राह्यली.” त्यांनी कोट उतरवला, घडी केली आणि शालीवर पेटीत ठेवला. “शेठनं खरंच सोडली. आता मी तिथं बसून काय पाहू? विलायचीनं काही जळत नाई.”

“अन् जिनाचं फाटक?”

“थे नवा पाहीन. त्याले शिकोलं मी.”

बंगल्यावरून निरोप आला, जिनातून आला, शेठ स्वतः म्हणाले, की सवय झाली आहे, या. मामाजी गेले नाहीत. त्यांनी दारात बाज टाकली आणि तिच्यावर दिवसभर बसायचं ठरवलं, या वेळी कायमचं, आणि स्वतःच.

सासूबाईंनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बोचकं बांधलं.

“कुठं चालली?” मामाजींनी विचारलं.

“पुसदले. लेकीकडं,” त्या म्हणाल्या. “तुमी बसा आता घरात. मले थोडा आराम पाह्यजे.”